पाहुणी

"घसरून पडली त्या दिवशी ही मुलगी तुमच्याकडे पाहुणी होती, असं तुम्ही लिहिलंय," विमा कंपनीचा सर्व्हेअर इंदुताईंना म्हणाला.

"हो. शेजारचीच आहे." ताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यांच्या घराच्या विम्यात पाहुण्याच्या दुखापतीचा खर्च मिळत होता. घरात पाळणाघर चालत असेल तर दमडीही नाही. प्लास्टरचं बिल मी भरते, असा शब्द ताई मुलीच्या आईला देऊन बसल्या होत्या. म्हणून आज बाकीच्या मुलांना सुट्टी होती आणि तिन्ही पाळण्यांवर चादरी वाळत होत्या.

सर्व्हेअर चार वर्षांच्या ऋजुताकडे वळला. "बाळा, तू इथे पाहुणी आलीस ना?"

ऋजुताने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "पाहुणे तुम्ही आहात. पाहुण्यांना चहा देतात. मला रोज दूध असतं, आणि पेला मलाच मोरीत नेऊन ठेवावा लागतो."

ताई चादरींकडे बघत राहिल्या. सर्व्हेअरने चहा संपवला, दोन ओळी लिहिल्या आणि क्लेम मिळणार नाही, असं तिथेच सांगून टाकलं.

जिन्यापर्यंत जाऊन तो परत आला.

"ताई, माझा तीन वर्षांचा आहे. ठेवाल का? दूध अजिबात पीत नाही."