शेजारणीचं बेकन

थांब, आधी ऐक फक्त. टिल्डा ज्युरीच्या बाकावर बसलीय. समोर डुकराच्या मांसाचा हा एवढा थोरला, खारवलेला तुकडा टांगलाय. आणि तिची शेजारीण लॉर्ना नवऱ्याबरोबर उलटतपासणीला उभी आहे.

एसेक्समधल्या त्या गावची रीतच आहे. वर्ष आणि वर एक दिवस ज्या जोडप्यात शब्दाने शब्द वाढला नाही, त्यांना ते बेकन मिळतं. इंग्रजीत बाजी मारून आलेल्याला ‘बेकन घरी आणलं’ म्हणतात ना, ते आमच्यामुळेच, असं गाववाले छातीठोक सांगतात.

विगवाला वकील बेकनच्या बाजूने, म्हणजे ते जोडप्याला मिळू नये म्हणून, भांडत होता. “एकदाही नाही? अहो, आमचं तर इथे येताना गाडीतच झालं.”

मंडप हसला. “माझी लॉर्ना बोलतेच कमी हो,” नायजेल म्हणाला.

“बाईंना बोलू द्या.”

लॉर्नाने नवऱ्याकडे पाहिलं. “नाही. कधीच नाही.”

ज्युरीतल्या बाराही जणांचं एकमत लागतं. विल्फ तेवढा अडून बसला. “एवढं गोड? पाणी मुरतंय कुठेतरी.”

लॉर्नाचा चेहरा हल्ली उतरलेला असायचा. जिंकली तर जरा खुलेल, एवढंच टिल्डाच्या मनात. “आमची भिंत एकच आहे,” ती म्हणाली. “त्यांचा चमचा पडला तरी मला कळतं. नायजेल गाणी मोठ्याने लावतो, तेवढंच. भांडण नाही.”

“आणि हसणं?”

“सगळे काय तुझ्यासारखे दात काढत बसतात?”

बाकीचे हसले. शेवटी विल्फनेही होकाराचा हात वर केला.

मग दोघांनी टोकदार दगडांवर गुडघे टेकून गावासमोर शपथ घेतली. त्यांना लाकडी खुर्चीत बसवून मिरवायला उचललं, तेव्हा टिल्डाने हौसेने पुढचा दांडा खांद्यावर घेतला. बँड वाजत होता, टाळ्या पडत होत्या. नायजेल सगळ्यांना हात करत होता. हसत हसतच तो लॉर्नाकडे वाकला, आणि टिल्डाच्या अगदी कानाशी त्याचा आवाज आला.

“जा आता पोलिसांकडे. सांग, मी हात उचलतो म्हणून. बघू कोण खरं मानतं.”

खुर्ची खांद्यावर, अख्खं गाव बघतंय. तू काय केलं असतंस?