पाचव्या तळघरातलं भूत

लेकीने जुन्या लॅपटॉपवर फुकटातलं लिनक्स बसवलं आणि तळघरातल्या राक्षसांशी लढायचा खेळही. निवृत्त वायरमन खेळायला बसला, पण ओ की ठो कळेना. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. “बाबा, ते @ चं वेटोळं म्हणजे तुम्ही,” लेक फोनवर म्हणाली. जन्मभर घराघरांत दिवे लावलेला माणूस वेटोळं होऊन अंधारात चाचपडू लागला. पाचव्या तळघरात भूत आडवं आलं. पडद्यावर खुलासा आला: हे भूत याच लॅपटॉपवर आधी खेळताना मेलेल्या खेळाडूचं. नाव होतं चिमणी, बायकोचं माहेरचं. ती तर शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. “अगं, तू मेलीस कधी?” “मंगळवारी,” आतून उत्तर आलं. “तुम्ही घोरत होतात. माझी ढाल पडलीये तिथे, उचला.” इस्त्री बंद करून ती आली. “सरका जरा. तिथून पुढे एकट्याचं काम नाही.”