पासवर्ड

हजेरीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ संध्याकाळ झाली की मागे रेंगाळायचं. ऑफिस सुटायचं त्याच घड्याळाने, आणि टायपिस्टबाईंची लेक पाळणाघराच्या पायरीवर वाट बघून सुकून जायची. शेवटी बाईंनी साहेबांच्या मागे लागून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"ताई, बॅटरी ठणठणीत आहे. कुणीतरी मुद्दाम वेळ मागे करतंय. आता पासवर्ड घातलाय, कुणाची बोट लावायची टाप नाही!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. पासवर्ड अर्थात साहेबांनी स्वतःकडेच ठेवला. जबाबदारीचं काम ते कुणावर ढकलत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी पाळणाघरातून फोन आला, "ताई, सगळी मुलं गेली, या ना लवकर!" तेव्हा पासवर्डाच्या कडक पहाऱ्यात कॉम्प्युटरचं घड्याळ चांगलं अर्धा तास मागे होतं.