अंगठ्याजवळचा बिंदू

आईने तोंड उघडलं की पूर्वी त्यात तीन बोटं सहज मावायची. आज दोनच मावली. मी नारपोलीतल्या शाळेत विज्ञान शिकवते. तरी तिचा जबडा दुखायला लागल्यावर डॉक्टर सोडून ॲक्युप्रेशरच्या शिबिरात शिकलेला उपाय केला. रोज संध्याकाळी तिच्या अंगठ्याजवळचा बिंदू दहा मिनिटं दाबायचा. सात महिने मी विचारत होते, "बरं वाटतंय?" "लई बरं," म्हणून ती पुन्हा तंबाखूची मिश्री दातांना लावायची. गालाच्या आतला पांढरा चट्टा मला दिसत होता, पण तिच्या शब्दालाच मी पुरावा मानलं. आज हात धरला, तर तिने सोडवून घेतला. "दुखणं कधीच थांबलं न्हाय, मास्तरीणबाई. तू दिवसभर शाळंत. तेवढीच जवळ बसायचीस, म्हनून बोलले न्हाय." शेजारच्या कापड कारखान्यातले लूम इतके खडखडत होते की मोठ्याने बोलावं लागलं. "आई, उद्या आपण ठाण्याला जातोय. कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचंय."