मोकळी जागा

इरावतीने लॅपटॉप श्यामकांतकाकांकडे फिरवला. नकाशावर एकच लाल ठिपका होता, तिने अभ्यासासाठी गळ्यात पट्टा बांधलेल्या तरसाच्या मादीचा. शहरातल्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या कोळशाच्या ढिगात. हलत नव्हता.

"तुझी लकडबग्घी शहरात काय करून राहिली?" काका म्हणाले. "नोकरी पाहून राहिली का?"

"मेली, काका. मी तिथूनच येऊन राहिले. पहाटे कुंपणापाशी ट्रकखाली आली. केस होईल म्हणून ड्रायव्हरनं उचलून ट्रकातल्या कोळशात दाबली. गळ्यातला पट्टा अजून सिग्नल देऊन राहिला."

काकांनी चहा मागवला. समोरच्याचं दुःख ऐकताना तेलीबांध्यातला हा ठेकेदार चहा नक्की मागवायचा. बिस्कीट मात्र काम मिळाल्यावरच.

अभयारण्य आणि गावाचं चराईचं रान यांच्यामध्ये काका जाळीचं कुंपण घालत होते. ही तरसाची मादी रोज रात्री एकाच जागेवरून पलीकडे जाई. गावकरी मेलेली गुरं तिकडे टाकत. ती हाडं तोंडात धरून पिल्लांकडे परते. तिचेच ठिपके दाखवून इरावतीने तेवढी जागा मोकळी ठेववली होती. आठवड्याभरात ट्रकवाल्यांना कळलं, इथून हायवे जवळ पडतो.

"आता ती गेली," काका म्हणाले. "मग मोकळी जागा कोणासाठी? उद्या जाळी लावून टाकतो."

"पिल्लं आत आहेत तिची. आज ना उद्या भुकेनं त्याच वाटेनं निघतील. अस्वलं, कोल्हेही तिथूनच जातात. बोरं इकडे खातात, बिया तिकडे टाकतात. बंद नका करू. खांब रोवा. ट्रक अडेल, जनावर जाईल."

"त्यांच्या गळ्यात पट्टा आहे काय?"

"नाही."

"मग साहेबाले काय दाखवू? बोराची बी?"

इरावती उठली नाही. चहावर साय धरली. शेवटी काकांचा जीव पाघळला. त्यांनी फोन उचलला आणि साइटवरच्या मुकादमाला सांगितलं, त्या जागी लोखंडी फाटक बसव.

"घे. खास तुझ्या जनावरांसाठी. चौकीदारही ठेवतो."

"उघडं राहील ना?"

"हव. दिवसभर सताड उघडं." काकांनी बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला. "रात्री तेवढं कुलूप लावू. रात्री जंगली जनावरं फिरतात, पोरी."