खुणेवरचं पेट्रोल

कार्ब्युरेटरच्या इवल्याशा काचेत पेट्रोल पुन्हा बरोबर खुणेला टेकलं होतं, आणि रांगेलच्या अंगाचा तिळपापड होत होता. चूक सापडली असती, तर निदान तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सकाळी त्याची जीप कडा पाहायला आलेले भाड्याचे पाहुणे घेऊन निघाली, आणि दुसऱ्याच वळणावर काळा धूर सोडत, ठसकत बंद पडली. पाहुणे उरलेला चढ पायी चढले. खाली कुरणात जीपगाड्यांचे नंबर लावते ती कारामफिला. ती त्याला शांतपणे म्हणाली, की उद्या रविवार आहे, उद्याही पाहुणे पायी दिसले तर तुझा नंबर दुसऱ्याला देईन. कारामफिला बोलल्याप्रमाणे वागते. नवऱ्यालाही तिने असंच एकदा शांतपणे सांगून घराबाहेर काढलं होतं. आणि रांगेलच्या घरची हिवाळ्याची सगळी बेगमी त्या एका चढावर होती.

कार्ब्युरेटर ओव्हर होत होता, इंजिनात जास्तीचं पेट्रोल जात होतं, हे नुसत्या वासावरून कळत होतं. का, ते कळत नव्हतं. पंपाचा दाब वाढला असेल म्हणून त्याने नळीला मीटर लावून पाहिला. दाब ठीक. पेट्रोल अडवणारी नीडल नीट बसत नसेल म्हणून ती बदलली. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. उरली पातळी. पूर्वी ती खालच्या गावचा गॅरेजवाला लावून द्यायचा. यंदा नवा फ्लोट रांगेलने स्वतःच बसवला. तेव्हा पेट्रोल खुणेखाली दिसलं, म्हणून फ्लोटची पत्र्याची जीभ वाकवून त्याने ते वर आणलं. तेव्हापासून कितीदा पाहिलं, तरी खुणेवरच. तो झाकण लावी, चार पावलं जाई, परत येई, झाकण उघडी, काच पुशी.

कमरेएवढ्या भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ वेल्को अक्रोडाखाली काकडी सोलत बसला होता. वेल्को गवंडी. अंगणाची वाटणी झाल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नसत. अगदीच गरज पडली, तर वेल्कोच्या कुत्र्यामार्फत बोलत. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. तिथली निम्मी भावकी कुणाच्या ना कुणाच्या जनावरामार्फतच बोलते.

वाटणीच्या वेळी दोघांनाही वरचा सपाट तुकडा हवा होता. वेल्को तेव्हा इतका भांडला, की पाद्रीबाबांसमोर टोपी आपटली. रांगेल हटला नाही. अखेर सपाट तुकडा रांगेलला गेला आणि दरीकडे कललेला वेल्कोला. उताराची भरपाई म्हणून अक्रोडाचं झाड आणि झऱ्याचं पाणीही वेल्कोकडे गेलं. पण जिंकला रांगेल. पाऊस पडला की वेल्कोच्या अंगणात डबकं साचतं, रांगेलचं अंगण घटकेत कोरडं होतं. रांगेल हे येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम दाखवी.

"शारो," वेल्को कुत्र्याला म्हणाला, "विचार त्याला, गाडी सपाट जागी लावून बघतोय ना?"

"शारो, सांग त्याला," रांगेल बॉनेटमधूनच म्हणाला, "या गल्लीत सपाट जागा एकच आहे. कुणाच्या नावावर आहे, तेही सांग."

शारोने जांभई दिली. वेल्को उठला, घरात गेला, गवंडीकामाची पाणसळ घेऊन आला, ती भिंतीवर ठेवली आणि पुन्हा काकडीपाशी जाऊन बसला.

रांगेलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने काच पुसली. खुणेवर. मग सूर्य डोंगराकडे कलला, कारामफिलाचा चेहरा आठवला, आणि त्याने पाणसळ उचलून जीपच्या चाकांशी लांबीत ठेवली. आतला बुडबुडा सरळ घराकडच्या टोकाला जाऊन चिकटला, म्हणजे ती बाजू उंच. पाणसळ उलटी फिरवली. बुडबुडा घराकडेच. लाकडांच्या ढिगापाशी, फाटकापाशी, तोच प्रकार. मागचा डोंगर एवढा उभा, की त्याच्यापुढे हा उतार डोळ्यांना उतार वाटलाच नव्हता. जीप रोज घराकडे तोंड करून, म्हणजे नाक वर करून उभी. पेट्रोल मागे सरकलेलं, पुढच्या काचेत कमी दिसणारं. तेवढं कमी भरून काढायला त्याने स्वतःच्या हाताने जास्तीचं पेट्रोल आत घेतलं होतं.

पाणसळ घेऊन तो भिंतीवरून पलीकडे उतरला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. वेल्कोच्या अंगणात, जिथे डबकं साचतं तिथे, त्याने ती ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

रांगेलने पाणसळ उचलून बाहीला पुसली. मग म्हणाला, "दादा, गाडी जरा इकडे लावू दे."

शारोने मान वर करून पाहिलं. हे बोलणं त्याच्यासाठी नव्हतं. वेल्कोने फाटक उघडलं. दोघांनी जीप ढकलत आणली. रांगेलने पंपाचा खटका मारला, आणि काचेत पेट्रोल खूण बुडवून वर चढलं. त्याने जीभ वाकवली, पुन्हा पाहिलं, पुन्हा वाकवली. खुणेवर. मग तो थेट कड्यापर्यंत जाऊन आला. ना धूर, ना ठसका.

येताना त्याचं मन मोठं झालं होतं. तो वेल्कोशेजारी बसला, अर्धी काकडी घेतली आणि म्हणाला, की झालं गेलं विसरून जाऊ, त्या तुकड्यापायी आपण दोघेही फसलो, तू तर बिचारा पाद्रीबाबांसमोर टोपी आपटलीस.

वेल्कोने काकडीला मीठ चोळलं.

"पाणसळ मी वाटणीच्या आदल्या दिवशीच लावून पाहिली होती," तो म्हणाला. "मी टोपी आपटली नसती, तर तू तो तुकडा घेतला असतास का?"