साफ केलेलं आकाश

"तारे कुठे गेले?" त्र्यंबकरावांनी विचारलं, पण टाळ्यांच्या गजरात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

रविवारची भर दुपार होती आणि मिशिगनमधल्या ट्रॉयच्या त्यांच्या बेसमेंटमध्ये पडदे ओढून महाराष्ट्र मंडळातली पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसली होती. त्र्यंबकरावांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून मुलगा ईशान अ‍ॅशबर्नहून आला होता, आणि येताना सरप्राइज घेऊन आला होता. बाबांनी १९७३ पासून बत्तीस वर्षं काढलेल्या सदर्न लाइट्सच्या, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाच्या, सगळ्या स्लाइड्स त्याने स्कॅन करून डीव्हीडीवर घेतल्या होत्या. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्या दर पंधरा सेकंदांनी आपोआप बदलत होत्या. खाली क्षितिजाला चिकटलेला हिरवा पट्टा, त्यावर लाल झाक. आणि त्याच्या वर नुसतं काळं आकाश, तव्याच्या बुडासारखं.

"काय क्लिअर आलेत हो फोटो!" रेखावहिनी म्हणाल्या. उत्तरेचे लाइट्स इथे मिशिगनमध्ये दिसत असताना हा माणूस सुट्टी साठवून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पळतो म्हणून वीस वर्षं चिडवणाऱ्या त्याच ह्या. आज त्याही खूश होत्या.

त्र्यंबकराव उठले आणि नाक टेकेल इतके भिंतीजवळ गेले. टास्मानिया. न्यूझीलंडचं स्ट्यूअर्ट आयलंड. परत टास्मानिया. एकाही आकाशात एक तारा नव्हता.

"ईशान, ह्यातले तारे कुठे आहेत?"

"कुठले तारे, बाबा?"

"पांढरे ठिपके! आकाशातले!"

"ओह, दॅट!" ईशान हसला. "यू वोन्ट बिलीव्ह किती डस्ट होती त्या स्लाइड्सवर. हजारो व्हाइट स्पेक्स. शॉपवाल्याने विचारलं, सॉफ्टवेअरने क्लीन करू का? मी म्हटलं, ऑफ कोर्स, सगळ्या करा."

त्र्यंबकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस लोक बसलेत, मुलगा चाळिशीला आलाय, ह्यातलं काही त्यांना दिसेना.

"डस्ट? तो त्रिशंकू होता, गाढवा, सदर्न क्रॉस, पाच ताऱ्यांचा! उत्तरेच्या लाइट्समध्ये तो नसतो. तो होता म्हणून हे दक्षिणेचं आकाश होतं. उद्या कुणी म्हणालं, हे अलास्कात काढलेत, तर काय दाखवू मी? दात वाजेपर्यंत थंडीत उभा राहायचो, ढग हटायची वाट बघत. आणि तू ते सगळं पुसून आणलंस? एकदा तरी नीट बघितल्या होत्यास का त्या?"

"बाबा, प्लीज. एव्हरीवन इज हिअर."

"असू देत. वर कपाटात मूळ स्लाइड्स आहेत, त्या आण. मी दाखवतो सगळ्यांना, तारे काय असतात ते."

ईशान जागचा हलला नाही. त्याने आईकडे पाहिलं. प्रतिमाबाईंनी हातातला बटाटेवड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि उगाचच त्याची फॉइल नीट करत राहिल्या.

"अहो, तुम्ही पुण्याला गेला होतात ना, तेव्हा आम्ही ते कपाट रिकामं केलं," त्या हळूच म्हणाल्या. "किती डबे होते, आणि बुरशीचा वास. ईशान म्हणाला, सगळं डीव्हीडीवर आलंय."

"रिकामं केलं म्हणजे?"

"टाकल्या, बाबा," ईशान म्हणाला. "गार्बेज ट्रक घेऊन गेला. तीन आठवडे झाले. आय थॉट यू'ड बी हॅपी."

कुणीतरी पेपर प्लेट खाली ठेवली. बायकोनेसुद्धा, असं त्र्यंबकरावांच्या मनात आलं, आणि ते परत भिंतीकडे वळले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर पडला. अर्धा झब्बा हिरवा झाला.

"हा एक्याण्णवचा. टास्मानियातलं ब्रूनी आयलंड." त्यांनी भिंतीवर बोट आपटलं. "इथे एक. इथे. इथे. इथे. आणि हा पाचवा, बारका, इथे."

पंधरा सेकंद झाले. चित्र बदललं.

"ही पहाट होती. त्रिशंकू आडवा झाला होता. इथे, इथे..." बोट आपटतच होतं. बोटाला लागलं असणार, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

पुन्हा चित्र बदललं. एक ठेंगणी टेकडी, हिरवा पट्टा आणि वर काळोख. त्र्यंबकरावांचा हात वर गेला आणि भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबला. टेकडी ओळखीची होती. ते तिथे सहा-सात वेळा गेले होते. ह्या वेळचा त्रिशंकू उभा होता, कललेला होता की उलटा, ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना. हात डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग तसाच राहिला.

ईशानने रिमोट घेऊन चित्र थांबवलं. तो बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्या काळ्या जागेकडे पाहू लागला. इतका वेळ त्याने बाबांच्या कुठल्याच फोटोकडे आजवर पाहिलं नव्हतं.

"ह्यात कुठे होता, बाबा?" त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

"मला काय विचारतोस?" त्र्यंबकराव ओरडले. "मला आठवत राहिलं असतं, तर फोटो कशाला काढले असते?"